झिजलेली नखे, गळलेली नखे : पूर्ववत होण्याचा आढावा

नखाचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो मृत असतो. केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशींचे थर एकमेकांवर घट्ट बसून नखपट्टी तयार होते. हाताच्या बोटावर तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतू नसतात. नख कापताना दुखत नाही ते याच कारणाने, आणि बिघडलेले नख जागच्या जागी भरून येत नाही तेही याच कारणाने. त्वचेवरचा ओरखडा भरतो, मोडलेले हाड सांधते. नखपट्टीवरचा ओरखडा मात्र नखाबरोबर पुढे सरकत टोकाशी येईपर्यंत आणि कापला जाईपर्यंत तसाच राहतो.

जिवंत भाग आत असतो. बोटाच्या पाठीकडून कातडीची जी घडी नखावर येते, तिच्याखाली काही मिलिमीटर आतपर्यंत नखमूळ पसरलेले असते. तिथल्या पेशी सतत विभागतात, पुढे सरकता सरकता केराटिनने भरतात, चपट्या होतात आणि मरतात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर म्हणजे या नखमुळाचीच पुढची कड. नखपट्टी ज्या गुलाबी भागावर चिकटलेली असते ती नखशय्या. कातडीच्या घडीला लागून असलेला पातळ पापुद्रा, म्हणजे क्युटिकल, मधली फट बंद ठेवतो. पाणी, साबण, बुरशी आणि जंतू नखमुळापर्यंत पोचत नाहीत ते त्याच्यामुळे. पार्लरमध्ये हाच पापुद्रा कुरूप समजून खरवडून काढला जातो, हे नखाच्या दृष्टीने मोठे दुर्दैव आहे.

पुढचा सगळा विचार या रचनेवरून ठरतो. नखमूळ आणि नखशय्या सुरक्षित ठेवायची, बिघाडाचे कारण दूर करायचे, नवे नख वाढू द्यायचे आणि खराब भाग टप्प्याटप्प्याने कापत जायचा, एवढाच नखे पूर्ववत करण्याचा मार्ग आहे. मृत नखपट्टीला जिवंत करणारे तेल, सीरम किंवा लेप अस्तित्वात नाही. वरून लावलेल्या गोष्टी तिचा ओलावा टिकवू शकतात, तिला तुटण्यापासून वाचवू शकतात; त्यापलीकडे त्यांचा हात पोचत नाही.

लागणारा वेळही शरीरानेच ठरवलेला आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे एक ते दीड. म्हणजे हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे यायला बारा ते अठरा. मधल्या बोटाचे नख भराभर वाढते, करंगळीचे आणि अंगठ्याचे सावकाश. वयाबरोबर हा वेग उतरतो. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरने स्वतःच्या नखाची वाढ तब्बल पस्तीस वर्षे मोजली. बत्तिसाव्या वर्षी ती दिवसाला ०.१२३ मिलिमीटर होती, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. गरोदरपणात वाढ थोडी वेगवान होते, कुपोषणात आणि दीर्घ आजारात मंदावते.

नखाला इजा होते ती दोन वाटांनी. एक वाट वरून येते : घासणे, खरवडणे, रसायने, ओढून काढणे. दुसरी आतून येते : आजार, रक्तातील कमतरता, विषबाधा. पहिलीत नखपट्टी झिजते पण नखमूळ बहुधा शाबूत राहते. दुसरीत नखमूळच काही काळ काम थांबवते. बुलढाणा जिल्ह्यात या दोन्ही वाटांचा विचार एकत्र करावा लागतो. कृत्रिम नखे लग्नसराईच्या निमित्ताने तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत, आणि याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात २०२५ साली अनेक गावकऱ्यांची नखे कोणतेही प्रसाधन न लावता विद्रूप होऊन गळून पडली.

कृत्रिम नखांचे तीन मुख्य प्रकार प्रचलित आहेत. प्लास्टिकची तयार नखे गोंदाने चिकटवली जातात. ॲक्रिलिक नखात द्रव आणि भुकटी एकत्र करून लगदा नखावर बसवला जातो आणि तो हवेत कडक होतो. जेल नखात थर लावून तो अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली घट्ट केला जातो. ॲक्रिलिक नखांची सुरुवात दंतवैद्यकातून झाली. १९५०च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने आपले तुटलेले नख दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकने सांधले आणि त्यातून हा धंदा वाढला. आरंभी वापरले जाणारे मिथाइल मेथाक्रिलेट हे द्रव्य फार कडक बसते. बोट कुठे अडकले तर कृत्रिम नख तुटण्याऐवजी खालचे खरे नख उपटले जाते. नखांना झालेल्या इजा आणि ॲलर्जीच्या तक्रारींमुळे अमेरिकेत १९७४ मध्ये शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटच्या नखप्रसाधनांवर सरकारने कारवाई केली. स्वस्त मालात ते आजही सापडू शकते. नेहमीच्या ॲसिटोनमध्ये न विरघळणे, अतिशय उग्र वास आणि दगडासारखा कडकपणा या त्याच्या खुणा मानल्या जातात.

अशी नखे घातल्याने जितके नुकसान होते, त्याहून अधिक ती लावण्यापूर्वीच्या आणि काढतानाच्या हाताळणीने होते. थर नीट चिकटावा म्हणून खऱ्या नखाचा वरचा गुळगुळीत पृष्ठभाग कानशीने किंवा विजेवर फिरणाऱ्या यंत्राने खडबडीत केला जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या नखाला असे घासणे महागात पडते, आणि दर तीन आठवड्यांनी तेच पुन्हा झाले तर नख कागदासारखे वाकू लागते. काढताना घाई झाली, कड उचलून थर ओढला, तर त्याबरोबर खऱ्या नखाचे वरचे पापुद्रेही सोलून येतात. नंतर दिसणारे पांढरे, खरखरीत डाग हे बहुतेक वेळा असे सोललेले भाग असतात. ते कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण नाही आणि बुरशीही नाही. बुरशी समजून त्यावर महिनोन्महिने मलम चोळले जाते आणि वेळ वाया जातो.

म्हणून पूर्ववत होण्याची पहिली पायरी म्हणजे नखे नीट काढणे. जेल असेल तर वरचा चकचकीत थर हलक्या कानशीने घासायचा, आजूबाजूच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावायची, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा आणि दहा ते पंधरा मिनिटे थांबायचे. ॲक्रिलिकला याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. थर मऊ झाला की लाकडी काडीने अलगद सरकतो. सरकला नाही तर पुन्हा भिजवायचा, ओढायचा नाही. काही कडक जेल ॲसिटोनला दाद देत नाहीत. ती घासूनच उतरवावी लागतात, आणि ते काम हात बसलेल्या माणसाचे आहे. शेवटचा पातळ थर खऱ्या नखावर राहू देऊन तो वाढीबरोबर जाऊ देणे सर्वांत सुरक्षित. गोंदाची तयार नखे कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून कडेने सैल करता येतात. ॲसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात, गॅस किंवा चुलीजवळ होता कामा नये.

गोंदाबाबत एक धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. तयार नखे चिकटवण्याचा गोंद सायनोॲक्रिलेट जातीचा असतो, म्हणजे घरात तुटक्या वस्तू सांधायला वापरतात त्याच कुळातला. तो कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर क्षणात घट्ट होतो आणि त्या क्रियेत इतकी उष्णता निघते की कातडी भाजते. कापसाच्या जिल्ह्यात, जिथे घरोघरी कापसाचा बोळा हाताशी असतो, तिथे सांडलेला गोंद कापसाने पुसू नये हे आवर्जून सांगायला हवे.

नखे काढल्यावर पहिले काही आठवडे निराशेचे असतात. उरलेले नख पातळ, लवचिक, टोकाला दुभंगणारे असते. गरम पाण्यात हात घातला की झोंबते. याच काळात पुष्कळ जणी पुन्हा पार्लरमध्ये जातात आणि झिजलेल्या नखावर नवा थर चढवतात, म्हणजे दुखणे झाकले जाते आणि वाढते. त्याऐवजी नखे बोटाच्या टोकाबरोबर आखूड ठेवावीत. लांब नख तरफेप्रमाणे वागते. टोकाला बसलेला धक्का नखशय्येपर्यंत पोचतो आणि नख खालून सुटते. कानस एकाच दिशेने चालवावी. पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी पुन्हा घासू नये, कारण जे उरले आहे तेही त्याने जाते.

पाणी हा या काळातला मोठा शत्रू आहे. नख पाणी पटकन शोषते आणि फुगते, वाळले की आकसते. दिवसातून वीस वेळा असे झाले की थर एकमेकांपासून सुटू लागतात. भांडी, धुणी, फरशी ही कामे टाळता येत नाहीत, पण रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घातले तर हात ओलेही होत नाहीत आणि घामेजतही नाहीत. हात धुतल्यावर नख आणि भोवतालची कातडी टिपून घेऊन त्यावर पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा करडईचे तेल चोळावे. महागड्या ‘क्युटिकल ऑइल’ने याहून वेगळे काही घडत नाही. नखे कडक करणाऱ्या द्रवांपासून मात्र सावध राहावे. त्यातील फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये केराटिनच्या धाग्यांना आणखी बांधतात. नख आरंभी टणक वाटते आणि पुढे ठिसूळ होऊन तुटते. लिंबू किंवा लसूण नखावर घासण्याचे घरगुती उपायही पातळ नखाला आणि उघड्या कातडीला झोंबणारे आहेत. मेंदीची गोष्ट वेगळी. तिच्यातील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला बांधले जाते, म्हणून रंग नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो. तिने नखाचे पोषण होत नाही, पण साधी मेंदी सहसा बाधतही नाही. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणातील पीपीडी हा केसांच्या कलपातला रंग मात्र तीव्र ॲलर्जी करू शकतो.

कृत्रिम नखाखाली खरे नख नखशय्येपासून सुटले असेल तर तो भाग पांढरा, पोकळ दिसतो. सुटलेले नख पुन्हा चिकटत नाही; मागून येणारे नवे नखच चिकटून वाढते. म्हणून सुटलेला भाग जेवढा कापता येईल तेवढा कापावा, जागा कोरडी ठेवावी आणि नखाखाली काडी किंवा पिन घालून साफ करण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक खेपेस ती फट थोडी अधिक खोल जाते. फटीत पाणी साचले की स्यूडोमोनास जातीचे जंतू वाढतात आणि नख हिरवट पडते. हा रंग बुरशीचा समजून पुन्हा थराखाली झाकणे धोक्याचे. याच जंतूंची अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात १९९७-९८ मध्ये साथ आली, तेव्हा तपासात परिचारिकांच्या लांब आणि कृत्रिम नखांशी तिचा संबंध आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांना हाताळणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि सुईणींनाही हा नियम तितकाच लागू आहे.

कृत्रिम नखांचा सर्वांत दीर्घकाळ टिकणारा परिणाम नखावर होतच नाही. ॲक्रिलेट कुळातील द्रव्ये पूर्ण घट्ट होण्याआधी कातडीला लागली तर शरीर त्यांना कायमचे ओळखून ठेवते. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, नखाभोवती सूज आणि अनेकदा पापण्यांवर इसब अशी ही ॲलर्जी दिसते. ती एकदा जडली की जन्मभर राहते. पुढे दातांतील भराव, सांधेरोपणातील सिमेंट किंवा मधुमेहींच्या दंडावर चिकटवायचे साखरमापक यांच्याशीही हाच माणूस अडखळू शकतो. घरच्या घरी जेल लावण्याचे संच स्वस्तात मिळू लागल्यापासून हा धोका वाढला आहे, कारण दिवा कमी शक्तीचा असला की थर आतून कच्चा राहतो. युरोपीय संघाने जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या द्रव्याला १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. त्यामागचे कारण प्रजननावरील संभाव्य परिणाम हे होते. अशी ॲलर्जी असलेल्याने नखे सुधारल्यावरही जेल आणि ॲक्रिलिककडे परत जाऊ नये.

ॲलर्जी किंवा जंतुसंसर्ग नसेल तर वाटचाल ठरावीक असते. दुसऱ्या महिन्यात बुडाशी गुळगुळीत, पारदर्शक नवा पट्टा स्पष्ट दिसू लागतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निम्मे नख नवे असते आणि जुन्या-नव्याच्या सीमेवर नख तुटण्याची भीती सर्वाधिक असते; याच वेळी आखूड ठेवण्याचा कंटाळा येतो. सहाव्या महिन्याच्या आसपास खराब भाग टोकावरून निघून जातो. सहा महिन्यांनीही बुडातून येणारे नख पातळ किंवा वेडेवाकडे असेल, तर दोष पार्लरमध्ये शोधण्यात अर्थ नाही. कारण आत आहे.

आतल्या कारणांत महाराष्ट्रात पहिला मान पंडुरोगाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. लोह दीर्घकाळ कमी असले की नख पातळ होते, मधोमध खोलगट होते, पुढे चमच्यासारखे उलटे वाकते. अशा बाईच्या नखांवर कितीही तेल चोळले तरी हिमोग्लोबिन वाढल्याखेरीज फरक पडणार नाही. कॅल्शियमचा समज मात्र सोडून द्यायला हवा. नखात कॅल्शियम अत्यल्प असते आणि नखाचा कणखरपणा त्याच्यावर अवलंबून नाही. तो केराटिनमधील गंधकाच्या जोडण्यांवर उभा आहे. दूध, डाळ, अंडी नखाला उपयोगी पडतात ती त्यांतील प्रथिनांमुळे.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल थोडा पुरावा आहे. घोड्यांचे आणि डुकरांचे खूर बायोटिनने सुधारतात हे पाहून माणसांवर प्रयोग झाले, आणि ठिसूळ नखांच्या मोजक्या रुग्णांत रोज अडीच मिलिग्रॅमने काही महिन्यांनी नखे जाड झाल्याची नोंद आहे. अभ्यास लहान आहेत आणि निरोगी माणसाला त्याचा लाभ दिसलेला नाही. उलट बायोटिन रक्ततपासणीत ढवळाढवळ करते. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन चाचणी आणि थायरॉइडच्या चाचण्या त्यामुळे चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. रक्त देण्यापूर्वी ही गोळी सुरू असल्याचे सांगणे आवश्यक आहे.

‘केस, त्वचा आणि नखांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियमही असते. शरीराला ते लागते, पण फार थोडे : प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. ४०० मायक्रोग्रॅम ही वरची सुरक्षित मर्यादा मानली जाते. आवश्यक आणि घातक यांत इतके कमी अंतर असलेली मूलद्रव्ये मोजकीच. सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचा भाऊबंद आहे. ते जास्त झाले की केराटिनमध्ये गंधकाच्या जागी बसते आणि ज्या जोडण्यांवर केस आणि नख उभे असते त्याच कच्च्या पडतात. केस गळतात, नखांवर पांढरे आडवे पट्टे येतात, नख बुडाशी तुटून सुटते. अमेरिकेत २००८ साली एका पूरक द्रवात चुकून प्रमाणाच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले. दहा राज्यांत २०१ जणांना बाधा झाली आणि तीन महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणांत नखांचा रंग बदलणे आणि नखे गळणे चालूच होते.

शेगाव तालुक्यातील घटना याच धाग्यात येते. डिसेंबर २०२४च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली, आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांना टक्कल पडले. काहींनी आधीच मुंडण करून घेतले. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. प्रथम संशय पाण्यावर गेला, आणि तो स्वाभाविक होता. पूर्णा खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरी आणि बोअर खारट, आणि तपासणीत पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. बुरशीचाही संशय घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली आणि रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने घेतले. दरम्यान गावांची बदनामी झाली. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पसरले, बाहेरचे लोक यायला कचरू लागले. तरुण मुलींना कॉलेज आणि ठरत आलेली लग्ने या दोन्ही ठिकाणी त्याची झळ लागली. लक्षणांहून हा जाच कमी नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासाचे निष्कर्ष मांडले. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि महाड येथे विंचूदंशावरील उपचारांनी जगभर नाव झालेले हे वैद्य स्वतः गावांत गेले होते. त्यांच्या म्हणण्यानुसार बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनुक्रमे ३५, ६० आणि १५० पट वाढलेले होते, जस्त मात्र कमी होते. मूळ त्यांनी स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हात दाखवले. त्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले, आणि ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते. या आकड्याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. घरातील माणसाने दिवसाला पाव किलो पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तरी साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम पोटात जाते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या जवळजवळ नऊ पट. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या आरंभी केस आणि नखे गळण्याची जी मोठी साथ आली, तिथल्या लोकांचे रोजचे सेवन नंतरच्या अभ्यासात सरासरी पाच मिलिग्रॅमच्या घरात निघाले. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही पट्ट्यांत माती सेलेनियमयुक्त असल्याचे आणि तिथल्या गव्हात ते उतरत असल्याचे कृषी संशोधकांना १९८०च्या दशकापासून माहीत आहे. असे धान्य एकाच गावच्या शिध्यात सलग येत राहिले, तर खाणाऱ्याला त्याची चव, रंग किंवा वास यांवरून काहीच कळत नाही.

एप्रिल २०२५च्या मध्यास त्याच तालुक्यातील चार गावांत तीसेक जणांची नखे प्रथम पांढुरकी, खरखरीत, मग वाकडी झाल्याचे आणि काहींची पूर्ण गळाल्याचे समोर आले. लोकांना ती दुसरी नवी साथ वाटली. नखाच्या वाढीचा वेग लक्षात घेतला तर केस आणि नखे यांतील साडेतीन महिन्यांचे अंतर समजते. केसाचे मूळ बिघडले की केस काही दिवसांत सुटतो. नखमूळ बिघडले तर बिघडलेला भाग आधी कातडीच्या घडीखालून बाहेर यावा लागतो, मग तो पुढे सरकतो आणि कच्च्या रेषेवर नख तुटते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये नखांवरील अशा आडव्या चरांचे वर्णन केले, म्हणून त्यांना बोच्या रेषा म्हणतात. चर पूर्ण आरपार गेला की नख बुडातून सुटते. बुडापासून रेषेपर्यंतचे अंतर मोजून दिवसाला ०.१ मिलिमीटरने भागले तर रेषा घडीबाहेर पडल्याला किती दिवस झाले ते कळते. रेषा सहा मिलिमीटरवर असेल तर दोन महिने. शिध्याच्या तारखा आणि नखांवरील रेषा शेजारी ठेवल्या तर तपासाला भक्कम आधार मिळतो, आणि हे मोजायला एक फूटपट्टी पुरते.

अशा गळतीनंतर नख परत येते का, हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न होता. सेवन थांबले आणि नखमुळावर व्रण पडलेला नसेल तर येते. सेलेनियमवर सिद्ध झालेला उतारा उपलब्ध नाही. शरीर ते मुख्यतः लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकते. म्हणून संशयित धान्य बंद करणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. ते दळून, धुऊन किंवा भाजून सुरक्षित होत नाही, आणि गुरांना घालूनही चालत नाही, कारण त्यांचे खूर आणि केस याच रीतीने बिघडतात. शिध्यातला गहू थांबवून ज्वारीची भाकरी खाणे या भागाला जड नाही. एकेकाळी तेच रोजचे जेवण होते. पण स्वस्त धान्यावर घर चालवणाऱ्याला बदली धान्य सरकारनेच द्यायला हवे, आणि सेलेनियमयुक्त पट्ट्यातून येणाऱ्या गव्हाची गोदामातच तपासणी व्हायला हवी. नखे गळेपर्यंत वाट पाहणारी व्यवस्था उशिराच जागी होते.

नख गळल्यावर उघडी पडलेली नखशय्या फार हळवी असते. ती साबण-पाण्याने स्वच्छ करून, पेट्रोलियम जेली लावून, न चिकटणाऱ्या पट्टीने सैल बांधावी. काही दिवसांत ती टणक होते. सुटू पाहणारे नख उपटू नये. अडकणारी कड तेवढी कापावी. शेतीच्या हंगामात हे कठीण आहे. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोके नखाच्या कडेत टोचतात, निंदताना माती आत जाते, आणि त्यातून नखुरडे होते : कड लाल, ठणकणारी, कधी पू धरलेली. अशा हाताने फवारणीची औषधे हाताळणे तर टाळायलाच हवे. या परिस्थितीत पडलेल्या नखाच्या जागी कृत्रिम नख चिकटवून लग्नाला उभे राहण्याचा विचार समजण्याजोगा आहे, पण बंद जागेत ओल साचून नखशय्येचा संसर्ग नखमुळापर्यंत गेला तर येणारे नख कायमचे वेडेवाकडे होऊ शकते.

काही लक्षणांवर घरी थांबू नये. पू आणि ठणका, एकाच नखावर उभी काळी किंवा तपकिरी रेघ रुंदावत जाणे, काहीही न लावता एकाच वेळी अनेक नखे सुटणे, केस आणि नखे दोन्ही जाणे, किंवा घरातील अनेकांना एकदम बाधा होणे, ही ती लक्षणे. काळ्या रेघेमागे क्वचित मेलॅनोमा हा कर्करोग असतो आणि तो मेंदीखाली किंवा नेलपॉलिशखाली झाकला जातो. नखातील बुरशीचे औषध पोटातून महिनोन्महिने घ्यावे लागते आणि यकृतावर त्याचा भार पडू शकतो. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा, नुसत्या रंगावरून औषध सुरू करू नये. शेगावच्या बाधितांवर तेथील सरकारी रुग्णालयात उपचार झाले. त्वचारोगतज्ज्ञांसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि बुलढाण्यातही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

तपासासाठी कापलेली नखे फेकून देऊ नयेत. रक्तातील सेलेनियम अलीकडच्या सेवनाचे चित्र देते, तर पायाचे नख गेल्या सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या आरोग्य अभ्यासात १९८०च्या दशकाच्या आरंभी साठ हजारांहून अधिक स्त्रियांकडून पायाच्या नखांचे तुकडे याच हेतूने मागवले गेले होते. नमुना देताना नेलपॉलिश, मेंदी आणि जेलचे अवशेष नसावेत, नखे साबणाने धुऊन वाळवलेली असावीत, सेलेनियम सल्फाइड असलेला कोंड्याचा शाम्पू त्या काळात वापरलेला नसावा, आणि कोरड्या कागदी पाकिटावर नाव, गाव आणि कापल्याची तारीख लिहिलेली असावी.